मागचा डावा

मनुष्यप्राण्याला कान दोनच असले, तरी त्यांच्याकडे आवाज पाच दिशांनी यावा ही प्रगत समाजाची खूण आहे. समोरून दोन, मधून एक आणि मागून दोन. (आणखी एक खालून येतो. तो कानाने ऐकायचा नसून पोटाने ऐकायचा असतो, म्हणून त्याला दिशांमध्ये धरत नाहीत.) ज्या घरात आवाज अजून फक्त टीव्हीतूनच येतो, त्या घरातली माणसं गुहेत राहतात असं म्हणायला हरकत नाही. आपले आजे-पणजे जन्मभर समोरून आलेलंच ऐकत बसले आणि तसेच गेले. त्यांच्याबद्दल हळहळण्यापलीकडे आता काही करता येत नाही.

हा विचार कानसेनांच्या मनात साडूंच्या दिवाणखान्यात आला. कानसेन हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण ते त्यांनी कमावलेलं होतं. ते पाणीपुरवठा खात्यात गळती शोधण्याच्या कामावर होते. रहदारी सुरू व्हायच्या आत रस्त्यावर जायचं, चार फुटी पोलादी कांडी डांबरावर टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि खाली कुठली पाइप कुठे फुटली आहे ते सांगायचं. सव्वीस वर्षांत त्यांनी चार हजार तीनशे बारा गळत्या ऐकल्या. चुकून खणलेले खड्डे फक्त तीन. (त्यांतल्या एकात दुसऱ्या खात्याची हरवलेली केबल सापडली, तेव्हा तोही वाया गेला असं म्हणता येत नाही.) असा कान खात्यात दुसरा नव्हता, आणि हे कानसेन स्वतः कुणालाही सांगत नसत. विचारावं लागे.

साडू फरशांच्या दुकानाचे मालक. त्यांनी तयार होम थिएटर घेतलं होतं, दुकानातून थेट, खोक्यासकट. ते दाखवायला त्यांनी धाकट्या साडूंना सहकुटुंब बोलावलं, चांगल्या खुर्चीवर सासूबाईंना बसवलं आणि सगळं ऐकवून झाल्यावर म्हणाले, "तुम्ही कानाची माणसं. सांगा बरं कसं आहे."

इथे शहाण्या माणसाने 'वा' म्हणून चहा प्यायचा असतो. पण कानसेनांचा कान सरकारी होता, त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले की मागचा डावा किंचित उशिरा येतोय.

साडूंनी मागच्या डाव्या स्पीकरकडे असं पाहिलं, जणू तो घरातला वाया गेलेला मुलगा आहे. मग त्यांनी अगदी हसतमुखाने सुचवलं की एवढं कळतंच आहे, तर स्वतःच एक बांधून दाखवा. दोन महिन्यांची मुदत. सासूबाई निवाडा करतील. जो हरेल त्याने दर रविवारी जिंकणाऱ्याच्या घरी सहकुटुंब येऊन एक अख्खा सिनेमा ऐकायचा आणि शेवटी 'वा' म्हणायचं. बायकोने डोळ्यांनी नको म्हटलं, पण डोळ्यांनी म्हटलेलं ऐकू येत नाही. कानसेन 'ठरलं' म्हणून मोकळे झाले, आणि सव्वीस वर्षांची अब्रू एका शब्दाने पणाला लागली.

घरी अंदाजपत्रक मंजूर झालं. बायको शिवणकाम करायची, तेव्हा कापड पाहून कपडा बेतायचा हे तिला ठाऊक होतं. माळ्यावरची जुनी सायकल विकून जे येईल तेवढ्यातच काय ते करावं, असा आदेश निघाला. सायकल पाहता हा आदेश नकारासारखाच होता. पण काटकसर ही कल्पकतेची आई आहे, आणि या आईला पुढच्या चार आठवड्यांत पुढीलप्रमाणे अपत्यं झाली:

समोरचा डावा. बंद पडलेल्या एका सभागृहातला लाकडी खोका. वीस वर्षं भाषणं ऐकवल्यामुळे त्याला सवय लागली होती. कुठलाही आवाज काढण्याआधी तो घसा खाकरायचा.

समोरचा उजवा. मोटारीच्या दारातला स्पीकर. दारातून काढला तर फाटेल असं दुरुस्तीवाला म्हणाला, म्हणून तो दारासकट आणला. दार काचेसह भिंतीला टेकवून उभं केलं. (काच खाली घेतली की आवाज मोकळा येतो. पाहुण्यांपैकी दहातले सात जण आधी ते दार उघडून पाहत.)

मधला. गजराच्या घड्याळातला. संवाद सगळे यातून यायचे, त्यामुळे नायक असो की खलनायक, हवामानाचा अंदाज सांगतोय असं वाटायचं.

मागचा उजवा. बसस्थानकावरचा कर्णा.

मागचा डावा. हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण भांडण याच्यावरूनच झालं होतं. सगळं भंगार पालथं घालून कानसेनांनी त्याच्यासाठी एक चांगला, अखंड, चेहऱ्यामोहऱ्याने देखणा स्पीकर आणला. अंदाजपत्रकातला पाऊण भाग यात गेला. जिवाला जीव देणारा माणूस दुसरं काय करणार.

राहिला खालचा. त्याला मोठा बंद खोका लागतो, आणि घरात तसा एकच होता, तो म्हणजे बायकोचं लोखंडी कपाट. कानसेनांनी समजावून सांगितलं की कपडे आवाज खातात. तेव्हा कपडे बाहेर आले आणि शिवणयंत्राखाली, पलंगाखाली, फ्रिजवर असे सोयीने स्थिरावले. कपाटात एक स्पीकर एकटा राहू लागला. तो बोलला की कपाटाचा आरसा थरथरे आणि केस विंचरणाऱ्याला स्वतःची दोन डोकी दिसत. स्वयंपाकघरातली भांडीही त्याच्या सुरात सूर मिळवू लागली. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक दोन भांड्यांमध्ये एकेक रुमाल घालण्यात आला. सहा माणसांचा स्वयंपाक करायचा तर आधी एकवीस रुमाल काढावे लागत. पण घरी तिघंच असत, हे सुदैव.

तिसऱ्या म्हणजे सासूबाई. त्या सहा महिने एका लेकीकडे आणि सहा महिने दुसरीकडे राहत, आणि तेव्हा पाळी धाकटीची होती. त्यांनी कशालाही हरकत घेतली नाही. निवाडा करणाऱ्याने हरकत घ्यायची नसते.

भिंतींचा प्रश्न वेगळा. उघडी भिंत आवाज परत फेकते, तो अडवायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावतात, हे सर्वश्रुत आहे. ट्रे मिळवायचा शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे त्यातली अंडी संपवणं. पहिल्या आठवड्यात सहा ट्रे मोकळे झाले. म्हणजे माणशी रोज साडेआठ अंडी. (अर्धं सासूबाई पुढच्या दिवशीच्यात वळतं करून घेत.) आठव्या दिवशी कळलं की बेकरीवाला मोकळे ट्रे फुकट देतो, उलट घेऊन जा म्हणून मागे लागतो. ही माहिती कानसेनांनी घरात जपून, दोन दिवसांनी सांगितली.

यानंतर मागच्या डाव्याला भिंतीवर चढवण्याचा दिवस आला. त्याची जागा कानसेनांनी दोरी लावून, कोन मोजून ठरवली होती. तिथे भोक पाडायचं होतं. भिंतीत पाइप आहे का, हे आधी कांडी लावून ऐकणं सोपं होतं. पण कांडी खात्याच्या मालकीची. तिचा घरगुती वापर म्हणजे सरकारी साधनाचा गैरवापर, आणि सव्वीस वर्षांत कानसेनांनी खात्याची एक टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. असा माणूस लाखात एक. त्या लाखात एका माणसाने भिंतीवर नुसती टिचकी मारली, मान डोलावली आणि चार इंची खिळा ठोकला.

त्याच संध्याकाळी मागचा डावा 'सूंऽऽ' करायला लागला.

कानसेनांची झोप उडाली. त्यांनी तार बदलली. मग तारेची दिशा बदलली. मग तारेला चंदेरी कागद गुंडाळला. दुरुस्तीवाल्याने अर्थिंगवर बोट ठेवलं, मग अॅम्प्लिफायरवर, मग (स्वतःकडे एक जुना पडून होता म्हणून) नवीन अॅम्प्लिफायरच्या गरजेवर. कानसेनांनी सोनेरी पिना आणल्या. अख्ख्या यंत्रणेत ही एकच वस्तू नवी होती. आवाज जाईना. स्पीकरची तार काढली तरी आवाज येत होता, आणि यावरून कानसेनांनी असा निष्कर्ष काढला की स्पीकर इतका संवेदनशील आहे की तो हवेतलंच काहीतरी पकडतोय. त्यांना त्याचा थोडा अभिमानही वाटला.

बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अहो, भिंत ओली आहे."

कानसेन 'हो' म्हणाले.

पुढच्या तीन आठवड्यांत तिने हे सतरा वेळा सांगितलं. नऊ वेळा स्वयंपाकघरातून, पाच वेळा हाताला ओल दाखवून, दोन वेळा चिठ्ठी लिहून आणि एकदा फोन करून, ते खात्यात असताना. सतराही वेळा कानसेन 'हो' म्हणाले. त्यांनी तिचा अपमान केला असं कुणी म्हणू शकणार नाही. फक्त तिचा आवाज पाचांपैकी कुठल्याच दिशेने येत नव्हता.

आता शेवटचं काम उरलं, बसायची जागा. स्वस्तातल्या यंत्रणेत सगळे आवाज जिथे बरोबर जुळून येतात अशी जागा खोलीत एकच असते. कानसेनांनी ती डोळे मिटून, इंचाइंचाने सरकत शोधली. ती सोफ्यावर नव्हती. खुर्चीवर नव्हती. ती होती दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दारात, जमिनीपासून सव्वाचार फुटांवर. म्हणजे बसलं तर डोकं खाली राहतं, उभं राहिलं तर वर जातं. पाहुणा 'बरंय, येतो' म्हणून खुर्चीतून अर्धा उठतो तेव्हा त्याचे कान जिथे असतात, नेमकी तिथे. कानसेनांनी हा शोध बायकोला सांगितला. ती म्हणाली की गेली एकवीस वर्षं मी सगळे सिनेमे ह्याच दारातून पाहिलेत, एक डोळा गॅसवर ठेवून. कानसेनांना आनंद झाला. एवढी सोय घरात आधीपासून होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

ठरलेल्या रविवारी पाच वाजता साडू आणि मेहुणी आले. साडूंनी आल्या आल्या मोटारीचं दार उघडून पाहिलं. मग भिंतींवरचे ट्रे पाहिले, घड्याळ पाहिलं, कर्णा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर दयेचा भाव आला. तो कानसेनांनी पाहिला. हरलो तर दर रविवारी हाच चेहरा, तोही त्यांच्याच घरी जाऊन, आणि वर 'वा' म्हणायचं. त्यांनी साडूंना हाताला धरून दारात नेलं आणि अर्धवट उठलेल्या अवस्थेत उभं केलं. साडू देहाने भारदस्त होते. दुसऱ्याच मिनिटाला त्यांचे गुडघे स्वतंत्रपणे विचार करू लागले.

सिनेमा पाणबुडीचा होता. समोरच्या डाव्याने घसा खाकरला. कपाटातून इंजिन सुरू झालं, आरसा थरथरला, रुमालांमधूनही एक पातेलं वाजलंच. घड्याळातून कप्तान म्हणाला की आपण खोल जात आहोत, आणि उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील असं पुढे म्हणतोय की काय असं वाटलं. आणि मग पाणबुडीवर पहिला गोळा पडला. कपाट असं दणाणलं की सगळ्या भिंती एकदम शहारल्या. मागचा डावा, जो तीन आठवडे नुसता 'सूं' करत होता, तो 'फस्स' करून बोलला.

"मागून पाणी येतंय," साडू म्हणाले. त्यांच्या आवाजात दया उरली नव्हती.

कानसेनांचा ऊर भरून आला. साडू थोड्या वेळाने म्हणाले की पाय गार पडले. मग म्हणाले की माझ्याकडच्या सिनेमात पाय कधी गार पडले नाहीत. भिंतीवरचे ट्रे भिजून एकेक करून सुटू लागले आणि पाणबुडीचे पत्रे सुटत होते तेव्हाच खाली पडू लागले. इतकी अचूक वेळ महागड्या यंत्रणेलाही साधत नाही. सासूबाईंनी सोफ्यावर पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "जावईबापू, पाणी खरं आहे."

दोन्ही जावयांनी त्यांना एकाच वेळी गप्प राहायची खूण केली. एकवीस वर्षांत त्यांचं प्रथमच एकमत झालं होतं.

बायको मात्र उठली, हात कोरडे केले आणि जाऊन मेन स्विच खाली ओढला. पडदा काळा झाला. कपाट थांबलं. घड्याळ, कर्णा, दार, सगळे एका क्षणात मुके झाले, आणि त्या शांततेत मागचा डावा तेवढा वाजत राहिला. सूंऽऽ. अगदी स्वच्छ.

कानसेनांना ओळखायला पाव सेकंद लागला. अर्धा इंची पाइप, चार इंची खिळा, ताशी साधारण पंचेचाळीस लिटर. चार हजार तीनशे तेरावी. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्याखाली सहा फुटांवरचं ऐकणाऱ्या माणसाला स्वतःच्या भिंतीतलं तीन आठवडे ऐकू आलं नव्हतं, आणि आता हे साडूंना कळणार होतं.

साडू अजून अर्धवट उठलेलेच होते. त्यांचे डोळे विस्फारले होते. "लाइट नसतानाही चालतो?" त्यांनी विचारलं. "माझा तर लगेच बंद पडतो."

कानसेनांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या एका वाक्यात त्यांची सव्वीस वर्षं होती. तिने बादली भिंतीला लावली, पदर खोचला आणि शांतपणे म्हणाली, "चालूच असतो तो, भाऊजी. बंदच होत नाही. मी तीन आठवडे सांगतेय ह्यांना."

साडूंनी मान खाली घातली. सासूबाईंनी निवाडा दिला की थोरल्याकडे पाणी ऐकू येतं आणि धाकट्याकडे पाणी येतं. साडू गुडघे चोळत उठले, ओले मोजे पिळले आणि 'वा' म्हणाले. मनापासून म्हणाले, हे वाईट झालं. कारण पैज पैज असते, आणि ते पुढच्या रविवारी येणार होते, आणि दुकानातले चार लोक बरोबर आणणार होते, आणि त्यांना मागचा डावा लाइट घालवून ऐकायचा होता.

तेव्हा पाइप दुरुस्त करता येईना. आठवडाभर बादल्या भरत राहिल्या. शेवटी बायकोने खात्याकडे रीतसर लेखी तक्रार केली. नियमानुसार तक्रारीवर आवक क्रमांक पडला, आणि नियमानुसारच ती ज्येष्ठ गळतीशोधकाच्या टेबलावर आली. कानसेन गणवेशात, कांडी घेऊन, कामाच्या वेळेत स्वतःच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी बेल वाजवली. आता कांडीचा वापर कायदेशीर होता. बायकोने दार उघडून त्यांना भिंत दाखवली, परक्या माणसाला दाखवतात तशी. त्यांनी कांडी टेकवली, कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. पलीकडे पाणी इतकं स्पष्ट बोलत होतं की त्यांना बायकोकडे मान वळवून बघवेना. मग त्यांनी पुस्तक काढून अहवाल लिहिला: 'सदर ठिकाणी समक्ष जाऊन श्रवण केले. आवाज आढळला. गळती आढळली नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

खाली तक्रारदाराचं समाधान झाल्याची एक चौकट असते. त्यांनी हळूच विचारलं, "समाधान झालं असं लिहू?"

बायको तोवर भरलेली बादली घेऊन आत गेली होती. आतून 'हो' असा आवाज आला, आणि कानसेनांनी चौकटीत खूण केली.

इथपर्यंत आलेल्या वाचकाने कानसेनांना हसून घेतलं असेल, तर त्याबद्दल तक्रार नाही. पण नियमाप्रमाणे एक नोंद करणं भाग आहे. हा मजकूर वाचायला साधारण बारा मिनिटं लागतात. (मध्ये चहा घेतल्यास चौदा.) या बारा मिनिटांत दर दहा वाचकांपैकी नवांना आतल्या खोलीतून कुणीतरी काहीतरी विचारतं. तुम्हालाही विचारलं होतं, अंड्यांच्या ट्रेच्या आसपास. तुम्ही मान वर न करता 'हो' म्हणालात. काय विचारलं होतं ते आता आठवत नसेल, तर जिवाला लावून घेऊ नका. होकार तुम्ही दिलेला आहे आणि त्याप्रमाणे आत कामाला सुरुवातही झाली आहे.